भाऊजींचं मन लागंना

“वहिनी, भाऊजींची सायकल आजपण हॉलमध्येच का?”

कंपाउंडच्या भिंतीवरून मी एवढंच विचारलं. वहिनी जणू वाटच बघत होत्या. हातातली कढीपत्त्याची डहाळी भिंतीवर ठेवली, पदर खोचला आणि सुरू झाल्या.

“सायकल म्हणू नका ओ तिला. त्या पैशात बुलेट आली असती. आता हँडलवर माझे टॉवेल वाळतात. पहाटे साडेचारला गजर होतोय, सगळी गल्ली जागी होतीय, आणि हे पांघरूण डोक्यावर ओढून पडलेले. विचारलं तर म्हणतात, मन लागंना. मन लागंना म्हणजे काय ओ? बालवाडीत घातलंय का ह्यांना?”

भाऊजींचं प्रकरण गल्लीला ठाऊक आहे. त्यांनी बर्गमनला नाव घातलंय. आपल्या डेक्कन स्पोर्ट्स क्लबची ट्रायथलॉन, बर्गमन. राजाराम तलावात १.९ किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानं बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल हाणायची, ती टाकली की २१.१ किलोमीटर पळायचं. एकूण ११३. फॉर्म भरला त्या दिवशी पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. व्हॉट्सॲपच्या डीपीला हेल्मेट घातलेला फोटो लागला. रंकाळ्यावर फिरायला येणारे लोक थांबून ‘काय, किती झाली प्रॅक्टिस?’ म्हणून विचारायला लागले. आता शर्यत पंधरवड्यावर आली आणि गडी थंड.

मी सकाळी राजाराम तलावावर पोहणाऱ्यांच्या टोळक्यातली. छोटं अंतर, म्हणजे दीड किलोमीटर पोहणं, ४० सायकल आणि १० पळणं, करून बसलेली. २००० साली सिडनीत ट्रायथलॉन पहिल्यांदा ऑलिंपिकला आली ती ह्याच अंतराची. तेवढ्या भांडवलावर वहिनी मला तज्ज्ञ समजतात, आणि मीही ती समजूत मोडत नाही.

म्हटलं, “वहिनी, आधी एक बघा. शरीर दमलंय का नुसतं मन उठलंय? सकाळी अंथरुणात असतानाच नाडी किती पडते ते बघायला सांगा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त, आणि तेही रोज, असं असेल तर सराव अंगावर आलाय. झोप उडते, भूक जाते, माणूस बारीकसारीक गोष्टीवरनं चिडतो. मग उपाय एकच, झोपू द्यायचं.”

“चिडचिड लग्नापासनं आहे. ती धरू नका.”

“भूक?”

“काल मटण होतं. पांढरा पाच वाट्या प्याले, तांबडा वेगळा. भाकऱ्या मी मोजत नाही, दृष्ट लागते.”

“मग शरीर खणखणीत आहे.”

तसं शर्यतीच्या आधी दोन आठवडे सराव कमी करायचाच असतो. टेपर म्हणतात त्याला. मेहनत कमी झाली की अंग ताजं होतं, पण डोकं रिकामं राहतं आणि त्या रिकाम्या डोक्यात नाही नाही ते येतं: गुडघा दुखतोय, छातीत काहीतरी होतंय, आपल्याला हे झेपणारच नाही. भल्याभल्यांचं होतं. पण भाऊजींनी कमी केलेलं नाही, बंद केलंय.

इतक्यात आबा, म्हणजे वहिनींचे सासरे, ओसरीवरनं बोलले. त्यांना एरवी ऐकू कमी येतं. भिंतीवरचं मात्र सगळं येतं.

“आमच्या वेळी मन लागतंय का असं कोण इचारत नव्हतं. पहाटे वस्ताद दारात उभा. पोरं उठली की आखाडा खणायचा, मग जोर, मग बैठका, मग लढती. मन घरात ठेवून यायचं, अंग घेऊन यायचं.”

वहिनींनी माझ्याकडे बघून डोळे फिरवले. पण आबा बोलले त्यात मला खोट दिसेना. फक्त तालमीत वस्ताद एकटा नसतो, हे ते सांगायचे विसरले. शेजारी चाळीस पोरं जोर मारत असतात. बाजूचा थांबत नाही म्हणून आपणही थांबत नाही. जोडीदार अंगावर येतो तेव्हा मन लागलंय का हे तपासायला सवडच नसते. आपल्या कोल्हापूरचं सगळं असंच आहे. रात्री कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध प्यायचं तरी चौघं लागतात. खासबागेत कुस्ती दोघांची, पण बघणारा गोल सगळा आपापल्या जागेवरनं डाव सांगत असतो. फुटबॉलला पेठच्या पेठ उतरते. एकट्यानं काही करायचा आपला पिंडच नाही.

आणि ट्रायथलॉन म्हणजे नेमका एकट्याचा खेळ. सायकलीचा तो नियम वहिनींना सांगितला तर त्यांना खराच वाटेना. पुढच्या सायकलीच्या मागं चिकटून जायचं नाही. दहा-बारा मीटर अंतर ठेवायचं. वारा पुढच्यानं कापला आणि तुम्ही त्याच्या आडोशाला राहिलात, तर ते पाप. मोटारसायकलवरनं पंच फिरतात, धरलं की दंड, काही मिनिटं बाजूला उभं राहायचं.

“म्हणजे ९० किलोमीटर कुणाशी बोलायचं नाही?”

“नाही.”

“साडेतीन-चार तास?”

“कमीत कमी तेवढे.”

“अहो, हे घरात भांडण झालं तरी एवढा वेळ गप्प राहत नाहीत.”

तिथंच मला घोडं कुठं अडलंय ते कळलं. सुरुवातीला भाऊजींबरोबर सायकलीला तिघं होते. निपाणीपर्यंत जायचे, तवंदी घाट चढायचे, येताना चहा. एकाची बदली पुण्याला झाली, दुसऱ्याचा गुडघा गेला, तिसऱ्याच्या लेकीची बारावी आली. त्यात आपला पाऊस. जुलै-ऑगस्टला पंचगंगा पात्राबाहेर, रस्ते बंद, मग सायकल घरातच स्टँडवर अडकवून भिंतीकडं तोंड करून पायडल मारत बसायचं. खाली घामाचं थारोळं. वहिनी फरशी पुसत, कपाळाला आठ्या घालून. ह्यात कुणाचं मन टिकेल ते मला दाखवा. प्रेरणा हरवली म्हणून पुस्तकं वाचतात लोक, व्हिडिओ बघतात, कुणीतरी सूट घालून ओरडत असतो त्यात. भाऊजींचं हरवलंय ते प्रेरणाबिरणा काही नाही. त्यांची माणसं गेलीत.

“गंमत बघा वहिनी, हा खेळ निघाला तो कट्ट्यावरच्या वादातनं.”

“कुठल्या कट्ट्यावर?”

“हवाई बेटावरच्या. पोहणारा दमदार, सायकलवाला दमदार का पळणारा, ह्यावरनं बोलाचाली झाल्या. जॉन कॉलिन्स म्हणून नौदलातला अधिकारी होता. तो म्हणाला, तिन्ही एकामागनं एक करू, मग कळेल. १९७८च्या फेब्रुवारीत पंधरा जण उतरले, बारा जणांनी पुरं केलं. ते सगळं आपल्या बर्गमनच्या दुप्पट, २२६ किलोमीटर. पहिला आला गॉर्डन हॉलर, पावणेबारा तासांत. दुसऱ्याची कथा ऐका. डनबार नावाचा. तो आधी पुढं होता. पळताना त्याच्या माणसांकडचं पाणी संपलं, म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली.”

आबा ओसरीवर खदखदून हसले. वहिनी म्हणाल्या, “हे तेवढं ह्यांना सांगू नका.”

मग मी ज्युली मॉसचं सांगितलं. १९८२. पोरगी शरीरशास्त्राच्या प्रबंधासाठी माहिती गोळा करायला म्हणून हवाईच्या शर्यतीत उतरली. जिंकायचं बिंकायचं डोक्यात नव्हतं. आणि बघता बघता बायकांत सगळ्यांच्या पुढं निघाली. शेवटची रेघ काही पावलांवर आली आणि पाय गेले. पडली, उठली, परत पडली. कॅथलीन मॅकार्टनी शेजारनं पळत पुढं गेली, तिला कळलंही नाही आपण कुणाला मागं टाकलं ते. ज्युली रांगत गेली. एकोणतीस सेकंदांनी पहिला नंबर हुकला. अमेरिकेच्या टीव्हीवर लोकांनी ते बघितलं आणि पुढच्या काळात ह्या खेळाला गर्दी उसळली. पहिली आलेली बाई फारशी कुणाला आठवत नाही, रांगलेली सगळ्यांना आठवते.

“रांगत?” वहिनी गंभीर झाल्या. “असलं काही करायला लावू नका ओ ह्यांना. डॉक्टरकडं मलाच न्यावं लागंल.”

म्हटलं, रांगायला कोण सांगतंय. वेळेच्या आत आलं की झालं. ते बंगळूरचे खासदार, तेजस्वी सूर्या, २०२४ला गोव्याची आयर्नमॅन ७०.३ पुरी करून आले ना, हेच अंतर. आठ तास सत्तावीस मिनिटं. मुदत साडेआठ तासांची. तीन मिनिटं राहिली होती. तरी पंतप्रधानांनी कौतुक केलंच. आणि जुन्या सिनेमातल्या नटी उषा किरण, त्यांची नात, नाशिकची सैयामी खेर, तिनं त्याच वर्षी जर्मनीत जाऊन केली.

“उषा किरणांची नात?” वहिनींना सूर्यांचं काही वाटलं नव्हतं. इथं मात्र डहाळी बाजूला सरली. “दिसायला आजीसारखी आहे का?”

त्यावर आमची पाच मिनिटं गेली. ती काही वाया गेली असं मी म्हणणार नाही.

मग मी मुद्द्यावर आले. म्हटलं, भाऊजींना भाषण देऊ नका. फॉर्मचे पैसे, सायकलीचे पैसे, लोक काय म्हणतील, ह्यातलं एकही काढू नका. ते सगळं त्यांनी पांघरुणात स्वतःला सांगून झालंय. उद्या पहाटे सायकल, हेल्मेट, घड्याळ काही नको. नुसता टॉवेल देऊन तलावावर पाठवा. आमचं टोळकं असतंय तिथं साडेपाचला. रिटायर मास्तर आहेत, दूधवाले आहेत, दोन डॉक्टर आहेत, कॉलेजची पोरं आहेत. त्यांनी पाण्यात उतरलंच पाहिजे असं नाही. काठावर बसू देत. दहा मिनिटं बसून परत जावं वाटलं तर जावं. पण त्या टोळक्यात काठावर बसून राहिलेला माणूस मी अजून बघितलेला नाही, कारण बसलेल्याच्या अंगावर पाणी उडवायची आमची रीतच आहे.

आणि शर्यतीच्या दिवशी पळायच्या रस्त्यावर आम्ही थांबू. सायकलवरनं उतरून पळायला लागलं की पाय आपले वाटत नाहीत, मांड्या भरून येतात, पहिले दोन-तीन किलोमीटर माणूस सगळ्यांना शिव्या देतो. तिथं ओळखीचं तोंड दिसलं पाहिजे. चालत आले तरी चालतील. वेळेचा आकडा डीपीला लावायचा नाही, एवढीच माझी अट.

आबा म्हणाले, “मला पण न्या. खुर्ची टाकून बसतो.”

“आणि पुढच्या वर्षी,” मी म्हटलं, “एकट्यानं नकोच. गोव्याला रिले असते. तिघांची टीम. एक पोहतो, एक सायकल, एक पळतो. त्या सूर्यांनीसुद्धा आधी रिलेच केली होती, सायकल तेवढी त्यांची. भाऊजींना सायकल देऊ.”

“आणि पोहायला?”

“बघू कुणीतरी.”

वहिनी जरा वेळ कढीपत्त्याची पानं ओरबाडत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी माहेरी पंचगंगेत शिकलो. पाठीला पत्र्याचा डबा बांधून चुलत्यानं घाटावरनं ढकललं होतं. पुढं डबा सुटला. नदी भरलेली नसली की आरपार जायचो मी, पोरांच्या आधी. लग्नानंतर कोण विचारतंय.”

हे एवढ्या वर्षांत मला कधी कळलं नव्हतं. आबांनाही नसावं. ते खुर्चीत पुढं सरकले.

“तुमच्या टोळक्यात बायका असतात?”

“असतात की. पूर्ण अंगभर पोशाख घालून येतात, कुणी बघत नाही.”

“आणि नंतर मिसळ?”

“असते. कट मागाल तेवढा.”

“मग आधी तसं सांगायचं की ओ!” म्हणत वहिनी आत निघाल्या. डहाळी भिंतीवरच राहिली. दारातनंच त्यांचा आवाज आला, “अहो, उठा. तो पोहायचा चष्मा कुठं ठेवलाय तुमचा? मला होतोय का बघू दे.”