फादरांसाठी प्रार्थना करू या

मी एखाद्यासाठी प्रार्थना सुरू केली की त्याने आपला विमा चालू आहे ना, हे बघून घ्यावं, असं आमच्या घरचं मत आहे. मेव्हण्याच्या बढतीसाठी मी नऊ दिवसांचा नोव्हेना केला आणि त्याची कंपनीच बंद पडली. शेजाऱ्यांच्या उजव्या गुडघ्यासाठी बाळ येशूकडे मेणबत्ती लावली, तर महिन्याभरात डावाही गेला. त्यामुळे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सिस्टर चिठ्ठ्यांची टोपली घेऊन बाकाबाकांतून फिरू लागल्या, तेव्हा बायको माझ्या कानाशी लागली, “अहो, तुम्ही नका काढू. कुणाचं तरी वाटोळं होईल.”

आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार. वेदीजवळ हिरव्या पानांचं कडं ठेवतात, त्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक वाढवून पेटवायची. बाहेर नाशिकरोडच्या बिटको चौकात लाल टोप्यांचे ढीग लागलेले असतात, पण चर्चमध्ये सगळं दमानं चालतं. नाताळची गाणीसुद्धा अजून म्हणायची नसतात. या दिवसांत माणसाने काहीतरी सोडावं किंवा काहीतरी धरावं अशी रीत आहे. त्या वर्षी धरायची गोष्ट ठरली ती फादर. धर्मप्रांतातल्या फादरांची नावं चिठ्ठ्यांवर लिहिलेली. ज्याला जे नाव येईल त्याने नाताळपर्यंत रोज त्या फादरसाठी प्रार्थना करायची.

आमचा नाशिक धर्मप्रांत १९८७ साली पुण्यातून वेगळा निघाला. थॉमस भालेराव पहिले बिशप. पसारा नाशिक, नगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार असा पाच जिल्ह्यांचा. मला मनातून हवे होते नंदुरबारच्या डोंगरातले कुणीतरी फादर. अनोळखी, लांबचे, दगडधोंड्यांतून पायी फिरणारे. अशा माणसासाठी प्रार्थना करताना आपल्यालाच फार बरं वाटतं. बायकोला एक वयोवृद्ध, निवृत्त फादर आले. मी टोपलीत तळापर्यंत हात घालून चिठ्ठी काढली आणि उघडली, तर आमचेच. रोज सकाळी साडेसहाला मिस्सा करणारे, समोर उभे असलेले, धडधाकट.

त्यांच्याशी माझं भांडण होतं असं नाही. पण त्यांना मी रोज बघत होतो, आणि बघण्याचा पगार घेण्यात माझं आयुष्य गेलं आहे. मी प्रेसमध्ये होतो. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की इंडिया सिक्युरिटी प्रेस. १९२५ पासून इथे टपाल तिकिटं, स्टँप पेपर, पुढे पासपोर्ट असा सरकारी ऐवज छापला जातो. माझं काम छापून आलेल्या तिकिटांचे ताव तपासायचे. रंग सरकला, छिद्रांची ओळ तिरकी गेली, शाईचा ठिपका पडला, की खूण करायची आणि ताव बाजूला. चांगल्या तावाकडे मी उभ्या नोकरीत कधी नीट बघितलंच नाही, त्याचं कारणच पडलं नाही. १८५४ साली चार आण्यांच्या तिकिटावर व्हिक्टोरिया राणीचं डोकं उलटं छापलं गेलं आणि आज त्या तिकिटाला सोन्याहून जास्त किंमत येते, हे मी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. ते कलकत्त्याला छापलं होतं. नाशकात ते माझ्या टेबलावरून सुटलं नसतं.

असा माणूस निवृत्त झाला आणि त्याच्या हाती एक जिवंत फादर दिला.

वास्तविक सिस्टरांनी सुरुवातीला छान समजावून सांगितलं होतं. फ्रान्समधली लिझ्यूची संत तेरेझा १८८७ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, वडिलांबरोबर रोमच्या यात्रेला गेली. यात्रेत पुष्कळ फादर होते. तोवर तिला कळत नव्हतं की कार्मेल मठातल्या सिस्टर फादरांसाठी एवढी प्रार्थना का करतात. फादरांचं मन तर स्फटिकासारखं निर्मळ असणार! महिनाभर त्यांच्यासोबत प्रवास केल्यावर तिला उलगडा झाला, की कितीही पवित्र असले तरी हेही माणसंच आहेत, दुबळी, चुकणारी. पुढे मठात तिच्याकडे दोन तरुण मिशनरी सोपवले गेले, एक चीनला जाणारा, दुसरा आफ्रिकेला. त्यांना ती पत्रं लिहायची आणि त्यांच्यासाठी झिजायची.

या सगळ्यातला ‘दुबळी, चुकणारी’ एवढाच भाग मी टिपून घेतला. घरी आल्यावर कोरी वही काढली, समास आखला आणि वर लिहिलं, ‘फादरांसाठी विनंत्या’.

पहिल्या दिवशी वहीत उतरलं, ‘फादरांना प्रवचन आठ मिनिटांत संपवण्याची सुबुद्धी मिळावी म्हणून प्रार्थना करू या.’ आठ हा आकडा माझा नाही. पोप फ्रान्सिस यांनीच २०२४ च्या जूनमध्ये सांगितलं होतं की प्रवचन आठ मिनिटांच्या वर जाऊ नये, लोकांना झोप लागते. रोमचा पाठिंबा मिळाल्यावर माझी लेखणी थांबेना. फादर माइकमध्येच खोकतात. फादर मिस्साचा जो भाग नुसता म्हटला तरी चालतो तोही गातात. सूचना वाचताना ‘शेवटची सूचना’ म्हणतात आणि मग आणखी तीन देतात. मोटारसायकल ग्रोटोसमोर लावतात, त्यामुळे मारियामातेचं दर्शन हँडलमधून घ्यावं लागतं. रोज संध्याकाळी मी जपमाळेचा एकेक दशक म्हणायचो आणि मध्ये थांबून वहीत भर घालायचो. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदाच मला प्रार्थनेची गोडी लागली आहे.

तिसऱ्या रविवारी लोकांच्या विनंत्या लिहून आणायची पाळी आमच्या गल्लीची होती. प्रवचनानंतर या विनंत्या वाचल्या जातात आणि प्रत्येकीनंतर सगळ्यांनी मिळून ‘हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक’ म्हणायचं असतं. बायकोने जागतिक शांतता, आजारी माणसं, दहावीची मुलं, कांद्याला भाव अशा सुरेख विनंत्या एका वहीत लिहून ठेवल्या होत्या. वही न्यायचं काम माझं. दोन्ही वह्या एकाच गठ्ठ्यातल्या, निळ्या पुठ्ठ्याच्या. जन्मभर ताव तपासलेल्या या हातांनी एक वही उचलली, उघडून न बघता वाचणाऱ्या मुलीच्या हाती दिली आणि मी निश्चिंत मनाने बाकावर जाऊन बसलो.

तिसरा रविवार आनंदाचा. त्या दिवशी गुलाबी मेणबत्ती पेटते आणि फादरही गुलाबी झगा घालतात. वर्षाकाठी एकदोनदाच बाहेर निघणारा तो झगा बहुधा कुण्या सडपातळ फादरांच्या मापाने शिवला असावा. (हीही नोंद वहीत होती.) मुलगी आठवीतली, वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवणारी. तिने माइक स्वतःच्या उंचीला आणला आणि खणखणीत आवाजात वाचलं, “फादरांना प्रवचन आठ मिनिटांत संपवण्याची सुबुद्धी मिळावी म्हणून प्रार्थना करू या.”

लोक विनंती ऐकत नाहीत, शेवटचं ‘करू या’ ऐकतात. सगळं चर्च सवयीने म्हणालं, “हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.” मग एक क्षण गेला. मग माना वर झाल्या. मुलगी पुढे, “फादरांनी माइकमध्ये खोकू नये म्हणून प्रार्थना करू या.” या वेळचा प्रतिसाद मी आमच्या चर्चमध्ये कधी ऐकलेला नाही. मागच्या बाकांवरचे, जे एरवी तोंड उघडत नाहीत, तेही गरजले. मोटारसायकलच्या विनंतीला तर गायनवृंदाने आपणहून दुसरा आवाज लावला. मी उठून तिच्याकडे जायला निघालो, पण बायकोने माझा शर्ट मागून एवढा घट्ट धरला होता की मी अर्धा उभा, अर्धा बसलेला, भक्तीत वाकल्यासारखा राहिलो. झग्याच्या विनंतीपर्यंत मुलीला काहीतरी शंका आली असावी. तिने फादरांकडे बघितलं. फादरांनी हाताने ‘वाच, वाच’ अशी खूण केली.

सगळं संपल्यावर फादरांनी हात पसरून रीतसर समारोपाची प्रार्थना म्हटली, की हे दयाळू पित्या, तुझ्या लेकरांनी विश्वासाने मागितलेलं त्यांना दे. आणि मग ते खोकले. तोंड बाजूला वळवून, माइकपासून हातभर लांब.

अक्षरावरून काही कळणार नाही अशी मला आशा होती. पण वहीच्या पहिल्या पानावर मी माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि ‘निवृत्त’ असं लिहिलं होतं. मिस्सानंतर फादर दारात उभे होते. वय पस्तिशीचं, गाव श्रीरामपूरकडचं, आमच्या आजोबांच्या गावापासून चार कोसांवर. त्यांनी वही माझ्या हातात दिली.

“काका, चोवीस तारखेला संध्याकाळी काय करताय?”

“काही नाही,” मी म्हणालो. माणसाने असं कधी म्हणू नये.

“मग घड्याळ घालून या. गरम कपडे पण घाला.”

नाताळच्या रात्रीची मिस्सा मध्यरात्री होते एवढंच मला ठाऊक. त्याआधी फादर कुठे असतात, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. माझ्या समजुतीने ते झोप काढत असावेत. आदल्या आठवड्यात ते रोज रात्री उशिरापर्यंत लोकांची पापनिवेदनं ऐकत बसले होते. चोवीसला संध्याकाळी त्यांना गोदाकाठच्या एका वस्तीवर मिस्सा करायची होती आणि बाराला परत नाशिकरोडला उभं राहायचं होतं. पंचवीसच्या सकाळी पुन्हा दोन.

जीप सिस्टरांना दिली होती. म्हणजे मोटारसायकल, ग्रोटोसमोरची. मी मागे बसलो, मांडीवर मिस्साच्या सामानाची पेटी. निफाडची थंडी पेपरात आकड्यांत वाचणं वेगळं आणि सायखेड्याच्या पुलावर नाकात भरून घेणं वेगळं. मध्येच फादर ओरडून बोलायचे आणि वारा त्यांचं अर्धं बोलणं उसाच्या फडात फेकून द्यायचा. फादर लोकांचे आश्रयदाते संत जॉन व्हियान्नी, ते सांगत होते, आर्स नावाच्या खेड्यात दिवसाचे सोळा सोळा तास पापनिवेदन ऐकायचे, आणि एवढे कंटाळले होते की गावातून पळून जायचा प्रयत्नसुद्धा करायचे. दर वेळी परत यावं लागलं.

“तुम्हाला वाटतं का कधी पळून जावंसं?” मी ओरडून विचारलं.

“पेट्रोल परवडत नाही, काका.”

वस्तीवर पोचलो तेव्हा लोक दिवे लागल्यापासून बसलेले होते. बहुतेक नगरकडून द्राक्षबागांत आणि ऊसतोडीला आलेली कुटुंबं. अंगणात मांडव, एका बाजूला कडब्याचा गोठा, त्यात प्लॅस्टरचा योसेफ, प्लॅस्टरची मारिया आणि खरंखुरं वासरू, जे बाळ येशूच्या अंगाखालचा चारा ओढून खात होतं. हलगी वाजली, भजन झालं. प्रवचन सुरू झालं तसं मी घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. फादरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि आठव्या मिनिटाला आमेन म्हणून थांबले. काटा अगदी जागेवर. मला प्रेस आठवलं.

पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंना मात्र पटलं नाही. “आवं फादर, एवढ्यात उरकलं व्हय? महिन्यातून एकदा येता तुमी!”

“काय करू, आजी? या काकांनी वेळ ठरवून दिलाय.”

सगळी वस्ती माझ्याकडे वळून बघायला लागली. वासरूसुद्धा.

मिस्सा आटोपल्यावर आजींनी न्याय केला, “मग आता पाव्हण्यानंच बोलावं.” मी ‘दोनच शब्द’ असं म्हणून उभा राहिलो. प्रेसच्या स्थापनेपासून सुरुवात केली, कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही. मग तावांची तपासणी. मग चार आण्यांचं उलटं डोकं. तिथून संत तेरेझावर आलो, आजोबा हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला बैलगाडीने कसे जायचे ते सांगितलं आणि परत छिद्रांच्या ओळीकडे वळलो. समोर मुलं झोपली, मग त्यांच्या आया. मला ते ध्यानमग्न वाटले. फादर खुर्चीवर मान टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपले होते. इतक्या दिवसांत त्यांना मी पहिल्यांदाच गप्प बघत होतो. ‘शेवटचा मुद्दा’ असं मी म्हटलं आणि त्यानंतर मला आणखी काही मुद्दे सुचले.

थांबलो तेव्हा चहा दोनदा गरम करून झाला होता. एका मुलाने हिशेब दिला, की हे फादरांच्या तीन प्रवचनांएवढं झालं. घड्याळ माझ्याच हातात होतं, पण बोलताना मी त्याच हाताने हावभाव करत होतो.

परतीला रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर. एकेका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, ना दिवा ना बाजू. आम्ही चर्चपाशी पोचलो तेव्हा बारा वाजून बराच वेळ झाला होता. गायनवृंदाने होती नव्हती ती सगळी गाणी म्हणून संपवली होती आणि पहिल्या गाण्यापासून पुन्हा सुरू केली होती. दारात बायको उभी. तिने काही विचारलं नाही, माझ्या मफलरला चिकटलेलं उसाचं पाचट काढलं फक्त. फादर धावत आत गेले, पांढरा झगा चढवून वेदीवर आले आणि म्हणाले, “उशीर झाला, क्षमा करा. वाटेत ट्रॅक्टर होते.” माझं नावही नाही. त्या रात्री ते किती वेळ बोलले ते मला सांगता येणार नाही, कारण मी झोपलो होतो.

जानेवारीत, घरोघरचा फराळ संपत आल्यावर, फादर आमच्याकडे चहाला आले. बायकोने उरल्यासुरल्या करंज्या पुढे केल्या. फादर म्हणाले, “काका, वस्तीवरच्या आजी तुमची फार आठवण काढतात. रोज एक जपमाळ तुमच्यासाठी म्हणतात.”

माझी छाती फुगली. मी बायकोकडे बघितलं आणि विचारलं, “काय मागतात माझ्यासाठी?”

फादरांना खोकला आला.

“तुमच्या घशाला आराम पडावा म्हणून,” ते म्हणाले. “ईस्टर होईपर्यंत तरी.”