काकूंच्या भाच्याचं नाणं

"काकू, तुमच्या भाच्याचं ते बिटकॉइनचं नाणं विकलं म्हणे? अख्ख्या एडिसनभर झालंय."

"कोपऱ्यावरच्या सुनेनं सांगितलं ना? तिला अर्धवट माहिती. ये अशी कुंपणाजवळ. नाणं पितळी गं, कॅसेशियस म्हणतात. यूटाच्या माइक कॉल्डवेलनं २०११ पासून पाडलेलं. मागे होलोग्राम, त्याखाली चावी छापलेला कागद. सोललं की आतलं बिटकॉइन आपलं. २०१३ मध्ये अमेरिकी अर्थखात्याच्या फिनसेनचं पत्र आलं, हा पैसे पाठवण्याचा धंदा आहे म्हणून. मग त्यानं भरलेली नाणी विकणं थांबवलं."

"मग सोलायचं नि मोकळं व्हायचं!"

"सोललं की होलोग्रामवर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी उमटते, आणि हौशी लोक ढुंकून बघत नाहीत. न सोललेल्याला बिटकॉइनच्या भावावर चार पैसे जास्त. पहिल्या खेपेत तर होलोग्रामवरच्या नावातला एक 'एस' गळलाय, त्याला आणखी भाव. चूक करावी तर अशी!"

"मग ऑनलाइन लिलावात टाकायचं."

"टाकशील! कमिशन कापतात ते पूर्ण बोलीवर, आतल्या बिटकॉइनसकट. शेकडा दहा धरलं तरी हौसेचा वरचा भाव तिथेच खलास. शिवाय घेणाऱ्यानं कार्डानं पैसे दिले, नाणं सोलून बिटकॉइन उचललं आणि ओरडला, 'रिकामंच आलं', तर? कार्डाचे पैसे उलटे फिरतात. बिटकॉइन कोण फिरवणार?"

"अगं बाई! झालंय का असं कुणाचं?"

"भाच्याच्या ऑफिसातल्या एकाचं. महिनाभर बायको बोलत नव्हती. आणि टपाल? रजिस्टर्डचा विमा ५०,००० डॉलरपर्यंतच, अन् २०२४च्या डिसेंबरात बिटकॉइन लाखाच्या वर गेलं. कर हिशेब."

"घेणाऱ्यालाही धास्ती असेलच की."

"नसेल कशी? नाण्यावर बिटकॉइनच्या पत्त्याची पहिली आठ अक्षरं दिसतात, त्यावरून शिल्लक कुणीही बघतं. पण ती आजची; चावी आधीच कुणी बघून ठेवली असेल तर? सुईनं द्रावक सोडून होलोग्राम अलगद उचलता येतो, हे हॅकर मंडळींनी २०१३ लाच करून दाखवलं. आणि चावी छापली कॉल्डवेलनं, म्हणजे भरवसा त्याच्यावरही ठेवायचा."

"मग आता?"

"नाण्यांच्या लिलावघरात स्वतः नेऊन देणार म्हणतोय. पैसे बँकेतून वायरनं. कमिशन तिथेही आहेच."

"आणि तुमची भाचेसून?"

"ती? तिनं नव्या किचनचं कोटेशनसुद्धा मागवलंय."