लुईस सुआरेझ आणि इतर लुईस सुआरेझ

9 जुलै 2023, रविवार. आमच्या फुटबॉलवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर श्रद्धांजलीचा पूर आला होता. बातमी खरी होती : लुईस सुआरेझ गेले. फोटो मात्र पुढचे दात ठळक असलेल्या, छत्तीस वर्षांच्या आणि त्या वेळी ब्राझीलच्या ग्रेमिओ क्लबकडून ठणठणीत खेळणाऱ्या सुआरेझचा. खाली जोडलेले हात, दोन मेणबत्त्या आणि एकाचा उसासा, ‘फारच लवकर गेला रे!’

गेलेले सुआरेझ 88 वर्षांचे होते.

हे लुईस सुआरेझ मिरामोंतेस. गाव ला कोरुन्या, स्पेनचा वायव्येकडचा पावसाळी कोपरा. 1960 साली त्यांना वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचं बालों दोर मिळालं. त्याआधी दी स्तेफानोने स्पेनमध्ये खेळून ते दोनदा पटकावलं होतं, पण तो जन्माने अर्जेंटिनाचा. स्पेनमध्ये जन्मलेल्या दुसऱ्या पुरुष खेळाडूला हा मान मिळायला 2024 उजाडावं लागलं. तो रोद्री. म्हणजे चौसष्ट वर्षं हा माणूस एकटा त्या खुर्चीवर बसून होता आणि शेजारची खुर्ची भरली, तेव्हा नेमका उठून गेला होता. 1961 मध्ये बार्सिलोनाने त्यांना इंटर मिलानला विकलं, तो तेव्हाचा जगातला सगळ्यात महागडा सौदा होता. तिथे त्यांनी लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकले, 1964 आणि 1965. मधल्या उन्हाळ्यात देशासाठी युरोपचं अजिंक्यपदही आणलं. खेळ असा नेमका, की लोक त्यांना ‘एल आर्कितेक्तो’, म्हणजे वास्तुविशारद म्हणत.

आणि एवढं सगळं करून नाव घेतलं की लोकांना आठवतो तो चावा.

चाव्याचे मालक लुईस आल्बेर्तो सुआरेझ दियाझ, उरुग्वे. हेही बार्सिलोनाचेच. 2014 च्या विश्वचषकात यांनी इटलीच्या कियेलिनीच्या खांद्यात दात रोवले आणि मग स्वतःचेच दात धरून असे खाली बसले, की जणू खांद्यानेच यांना मारलं! त्याआधी क्लबच्या सामन्यांत दोघांना चावून झालं होतं, त्यामुळे नवखेपणाची सबब नव्हती. चार महिने फुटबॉलबंदी झाली आणि ती चालू असतानाच बार्सिलोनाने त्यांना विकत घेतलं. आपल्याकडे चावऱ्या कुत्र्याला गल्लीत कोणी घेत नाही. पण बार्सिलोनाचा हिशेब चुकला नाही : 283 सामने, 198 गोल.

आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही तीन कुलकर्णी आहोत. सिलेंडरवाला खालून ‘कुलकर्णीऽऽ’ ओरडला की तीन गॅलऱ्यांत तीन मुंडकी येतात. त्यावर वॉचमनने तोडगा काढला : एक ‘बँकवाले’, एक ‘कुत्रेवाले’ आणि मी ‘ते दुसरे’. दोन कर्तबगार कुलकर्ण्यांच्या सावलीत राहणं म्हणजे काय, ते मला विचारा. म्हणून मिरामोंतेस यांच्याबद्दल मला जरा जास्तच माया आहे.

खरं तर स्पॅनिश लोकांकडे एकसारख्या नावांच्या या रोगावर औषध घरातच आहे. प्रत्येकाला दोन आडनावं : आधी वडिलांचं, मग आईचं. बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, त्यामुळे आईकडचं आडनाव एक पिढी तरी टिकतं. आपण वडिलांचं नाव मध्ये घालतो आणि आईला आभारपत्रिकेत ठेवतो, त्यापेक्षा हे बरं. (पोर्तुगीज रीत उलटी, आधी आईचं, मग वडिलांचं. गोव्यातले सोआरीस हे सुआरेझांचे त्या बाजूचे चुलतभाऊ.) वडिलांचं आडनाव फारच स्वस्त असेल तर शहाणी माणसं सरळ आईचं लावतात. पाब्लो रुईझ पिकासोने रुईझ गाळलं. माजी पंतप्रधान रोद्रिगेझ सापातेरोंना अख्खा देश सापातेरो म्हणतो, कारण रोद्रिगेझ हाक मारली तर अर्धा बाजार वळून बघेल. लुईस सुआरेझ जमातीने मात्र हे औषध कधी बाटलीतून काढलंच नाही.

2014 चीच गोष्ट घ्या. उरुग्वेचा सुआरेझ चावत होता, तेव्हा त्याच स्पर्धेत होंडुरासच्या बाकावर प्रशिक्षक कोण? लुईस फर्नांदो सुआरेझ, कोलंबियाचे. सज्जन गृहस्थ. 2006 साली त्यांनी इक्वेडोरला बाद फेरीत नेलं होतं. 2022 मध्ये ते कोस्टा रिकाला घेऊन कतारला गेले, तर हे ‘दात’ तिथेही हजर! बिचारे कोणत्याही विश्वचषकाला जावोत, नाव आधीच तापलेलं.

मैदानाबाहेर तरी सुटका असावी? तर तिथे लुईस सुआरेझ फर्नांदेझ, मध्ययुगाचे मोठे इतिहासकार. 2011 मध्ये स्पेनच्या इतिहास अकादमीच्या चरित्रकोशात, स्पेनवर हुकूमत गाजवलेल्या फ्रँकोवरची नोंद यांनी लिहिली आणि तिच्यात त्याला ‘हुकूमशहा’ म्हणायचं टाळलं. देशभर गदारोळ झाला. एक सुआरेझ खांदा चावतो, दुसरा शब्द गिळतो. या नावाच्या जबड्यातच काहीतरी आहे म्हणायचं. इतिहासकार मात्र शंभरी गाठून 2024 मध्ये गेले.

पीक अजून संपलेलं नाही. कोलंबियाचा लुईस हावियेर सुआरेझ काही वर्षांपूर्वी ग्रॅनाडाकडून खेळायचा, त्याच वेळी उरुग्वेचा अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून. एकाच लीगमध्ये दोघे गोल मारणार आणि समालोचकाने जीभ सांभाळायची. कोलंबियाच्या या पोराने सप्टेंबर 2025 मध्ये व्हेनेझुएलाला एका सामन्यात चार गोल मारले. मथळा वाचून आमच्या ग्रुपवर लगेच प्रश्न आला, ‘अडतिसाव्या वर्षी चार? आणि कोलंबियाकडून कधीपासून?’

तेव्हा कोणी तुमच्याशी ‘ग्रेट सुआरेझ कोणता’ यावर वाद घालायला आला, तर आधी आईचं आडनाव विचारा. दियाझ म्हणाला तर 2016 च्या बालों दोरमध्ये तो चौथा आला होता, त्याहून वर कधी गेला नाही, हे सांगा. ते जिंकलं एकाच सुआरेझने. मिरामोंतेस बाईंच्या मुलाने.