उकळून पाहू

सरांच्या ओट्यावर बसून काहीही बोलावं. कापसाचा भाव, पोराचं न जमणारं लग्न, धुऱ्यावरून शेजाऱ्याशी चाललेली कुरबूर, सगळं चालतं. ‘आमची गाडी आजकाल जराशी गरम होते’ एवढं मात्र बोलू नये. बोलणारा घरचा जावई असला तरी बोलू नये. कारण त्यानंतर त्या घरात तासभर चहा होत नाही.

कोण सर, हे कुणाला सांगायची गरज नाही. प्रत्येक गावाच्या वाट्याला असा एक माणूस आलेला असतो. कुठे तो निवृत्त लाइनमन असतो, कुठे बँकेतला कॅशियर. वलगावच्या वाट्याला विज्ञानाचे मास्तर आले. आपली गाडी आपण उघडायची, दुसऱ्याची तो नको म्हणायच्या आत उघडायची आणि उघडल्यावर मालकालाच टॉर्च धरायला लावायचा, ही या जातीची ओळख. यांच्यात पोटजातीही आहेत. काही कार्ब्युरेटरवाले, काही बॅटरीवाले. वलगावचे सर थर्मोस्टॅटवाले.

त्यांचं दुकान बोर्डाशिवाय चालतं, ते भूगोलाच्या कृपेनं. अमरावतीहून परतवाड्याला जाणारा रस्ता वलगावातून जातो. मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४५च्या पुढे सरकला की ज्याच्याकडे चार चाकं आहेत तो अकराशे मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याकडे पळत सुटतो. गाडीत सहा माणसं, डिकीत आंब्याची पेटी, एसी फुल्ल. त्यातल्या काही भल्या गाड्या घाटापर्यंत जाऊन फजिती करण्यापेक्षा पेढी नदीच्या पुलाजवळच हाय खातात. तिथं बॉनेट वर झालं की इकडं सरांची सायकल निघते.

सर पोचतात तेव्हा मालक हमखास एकच उद्योग करत असतो. डोक्याचा दुपट्टा सोडून हाताला गुंडाळायचा आणि रेडिएटरची टोपी फिरवायची.

“हात काढा!” सर सायकलवरूनच ओरडतात.

“काहून?”

“आतलं पानी शंभराच्या वर गेलं आहे. टोपीनं दाबून धरलं म्हणून गुमान बसून आहे. तुम्ही टोपी काढली की थेट तोंडावर येते. मंग गाडी राहते बाजूले, तुम्हालेच अमरावतीले न्या लागते.”

मग अर्धा तास थांबणं आलं. त्या अर्ध्या तासात सर पूर्ण तास घेतात. पट्टा आहे का, पंखा फिरतो का, पाणी गळतं का, हेही ते पाहतात, पण उरकल्यासारखं. त्यांचा जीव असतो इंजिनातून रेडिएटरच्या वरच्या तोंडाकडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपात. गाडी निवली की ती पुन्हा सुरू करायची, काटा चढू द्यायचा आणि पाइपावर हात ठेवायचा. धड गाडीत हा पाइप आधी गार राहतो आणि काटा मध्यावर आला की एकदम चटका देतो. म्हणजे आतली झडप, तोच थर्मोस्टॅट, उघडली. पाइप पहिल्या मिनिटापासून कोमट होत गेला तर झडप उघडीच अडकली आहे, नाहीतर कुणीतरी काढून फेकली आहे. आणि काटा लाल पट्टीत शिरला तरी पाइप गारच, तर झडप मिटल्या जागी बसली.

“लावा हात.”

“भाजंल नं सर!”

“लावा तं खरं.”

मालक बोट टेकवतो. “हा तं थंडा हाय!” त्या क्षणी सरांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरतो, तो पाहून मालकाच्या बायकोला वाटतं, गाडी दुरुस्त झाली. ती खाली उतरून पोरांच्या चपला शोधू लागते. पण सरांचा आनंद निदानाचा असतो. दुरुस्ती पुढे आहे, आणि तिचा रस्ता स्वयंपाकघरातून जातो.

दोन बोल्ट सुटतात, झाकण निघतं, आतून मोठ्या पेढ्याएवढा एक पितळी ऐवज बाहेर येतो. सर तो उन्हात धरून पाहतात, कडेवर कोरलेला ८२ किंवा ८८चा आकडा वाचतात आणि म्हणतात, “उकळून पाहू.”

उकळण्याची पद्धत ठरलेली आहे. गॅसवर गंज, गंजात पाणी, गंजाच्या तोंडावर आडवं लाटणं, लाटण्याला दोरा आणि दोऱ्याला थर्मोस्टॅट. तो बुडाला टेकू द्यायचा नाही, कारण बूड पाण्यापेक्षा जास्त तापतं आणि मग झडप खोटी साक्ष देते. शेजारी शाळेतून निरोपाच्या दिवशी मागून आणलेला थर्मामीटर. आत काय घडतं तेही सर सांगतात, कुणी विचारो न विचारो. पितळी डबीत मेण भरलेलं असतं. मेण वितळताना फुगतं, दांडा रेटतं, झडप उघडते. निवलं की स्प्रिंग ती मिटवते. ना तार, ना बॅटरी. सर्जियस व्हर्ने नावाच्या माणसानं १९३०च्या दशकात अमेरिकेत ही मेणाची युक्ती गाडीला लावली. व्हर्नेचं नाव घेताना सरांचा आवाज असा होतो, जणू तो त्यांच्या साडूच्या गावचा.

८२चा थर्मोस्टॅट ८२च्या आसपास हलायला हवा आणि ९५ला पुरता, म्हणजे आठेक मिलिमीटर, उघडायला हवा. सर ते फूटपट्टीनं मोजतात. ८८वाल्याची पंचाईत अशी की त्याला पुरतं उघडायला शंभराच्या घरात जावं लागतं आणि वलगाव समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटर उंच असल्यानं इथलं पाणी शंभराच्या जरा आधीच उकळतं. म्हणून ८८वाल्यांना सर ग्रेस मार्क देतात.

सरांच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा, आक्षेप शास्त्रीय आहे. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि पोटात गेलं तर विष, कुत्री-मांजरं सांडलेलं चाटून मरतात, हे त्यांना सरांनीच शिकवलं. “आणि तेच तुम्ही माह्या चहाच्या गंजात उकळता?” यावर चाळीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाकडे उत्तर नाही. गंज घासून परत ठेवला जातो, काकू तो बाहेर भिरकावतात, तो कोंबड्यांच्या पाण्याला लागतो आणि नवा गंज येतो. मग नव्यावर काकू नेलपॉलिशनं लाल फुली मारतात: हा चहाचा. सर चष्मा न लावता स्वयंपाकघरात जातात.

नवा आणलेला थर्मोस्टॅटही सर आधी उकळतात. दुकानदार पाकीट दाखवतो, कंपनीचं होलोग्राम दाखवतो. सर म्हणतात, उकळून पाहू. नवे नापास झालेले त्यांच्या खिडकीत ओळीनं मांडून ठेवलेत. एकदा त्यांनी थ्रेशर ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा थर्मोस्टॅट ऐन हंगामात काढला आणि मालकानं दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. भाचीला पाहायला अकोल्याची मंडळी आली, तेव्हा नवऱ्या मुलाचे वडील सहज म्हणून गेले की बोरगाव मंजूच्या पुढे काटा वर चढत होता. मुलीनं पोह्यांच्या बश्या आणल्या, सगळ्यांनी खाल्ल्या, चहाची वाट पाहिली. चहा येईना. आत गंजात त्यांच्याच गाडीचा थर्मोस्टॅट लटकत होता आणि नवरा मुलगा थर्मामीटर धरून उभा होता. पुढे होकार आला. “पोरगा कसा वाटला?” असं काकूंनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, “बरा आहे. ८४ले वाचला त्यानं, बरोबर वाचला.”

निवडणुकीच्या दिवसांत गावात नवा उमेदवार हात जोडून फिरला, तेव्हाही सरांचं मत तेच होतं. उकळून पाहू.

आता दुसरी बाजू. रस्त्यावरच्या गॅरेजवाल्या उस्तादचा थर्मोस्टॅटवर एकच इलाज आहे: काढून टाका. “हे थंडीच्या मुलकातल्या भानगडी. आपल्याइकडे कुठी बर्फ पडते?” आणि तो अगदीच चुकतो असंही नाही. बाजारात नकली माल भरपूर. असा एखादा भर दुपारी मिटल्या जागी अडकला, तर गॅस्केट जातं, हेड वाकतं आणि गिऱ्हाईक उस्तादच्याच नावानं शंख करतं. काढून फेकलेली वस्तू कधी अडकत नाही, हे उस्तादचं तर्कशास्त्र खोडणं सोपं नाही.

सर खोडतात. थर्मोस्टॅट नसला की डिसेंबरात इंजिन धड तापतच नाही. सरांच्या मारुती ८००सारखी जुनी कार्ब्युरेटरची गाडी चोक ओढून चालवावी लागते, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलात उतरतं. नव्या गाडीतल्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गारठलेलंच आहे, तो पेट्रोल ओततच राहतो. आणि काही इंजिनांत याच थर्मोस्टॅटची खालची चकती आडवाटेचं तोंड बंद करत असते. ती नसली तर पाणी रेडिएटरला न जाता आडवाटेनं परत इंजिनात येतं. म्हणजे गरम होते म्हणून काढला आणि काढला म्हणून गरम होते.

खरं तर हा वाद एका थर्मोस्टॅटचा नाही. मोटरसायकलचे आरसे, सायलेन्सरमधली जाळी, शेतातल्या मोटरच्या स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले. जे नडतं ते काढून टाकायचं आणि काम चालतंय ना, असं वर विचारायचं, ही आपली सार्वत्रिक दुरुस्ती आहे. सर या दुरुस्तीला गावात एकटे आडवे आले आहेत. त्यामुळे त्यांचा त्रास होतो.

बसवतानाचा त्रास तर विचारूच नये. जुनं गॅस्केट खरवडताना कण राहिला तर सर झाकण पुन्हा उघडायला लावतात. “या गावाजवळ, पेढीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ले गाडगेबाबांनी देह ठेवला. आनं तुम्ही घाणीवर नवं गॅस्केट बसवता?” मेणाची बाजू इंजिनाकडे, वरची छोटी हवेची पिन वरच्याच अंगाला. मग पाणी. पश्चिमेला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा; तिकडच्या गाडीच्या रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतलेलं निघालं की सर मालकाला बीपीच्या गोळ्या सुरू आहेत का विचारतात. कूलंट अर्धं, डिस्टिल्ड पाणी अर्धं. शेवटी हवा काढायची. त्यासाठी गाडी सुरू ठेवून हीटर फुल्ल. मे महिन्यात, वलगावात, दुपारी दोन वाजता. गाडीतली आजी “मले उतरवा” म्हणते. सर खिडकीतून सांगतात, “दहा मिनिटं, आजी. बुडबुडे निघू राहिले.”

सरांच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट होतं. उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात, हा धडा त्यांनी पिढ्यान्पिढ्या फळ्यावर शिकवला. लोखंडी गोळा आणि कडं यांचं चित्र इतक्यांदा काढलं की डोळे मिटून काढता यावं, पण खरा गोळा खऱ्या कड्यात अडकलेला त्यांच्या एकाही वर्गानं पाहिला नाही. आता गंज चढला की गल्लीतली पोरं चप्पल काढून स्वयंपाकघराच्या दारात जमतात. “हलला! सर, हलला!” असा गलका होतो. सर फूटपट्टी पुढे करतात, आकडा वहीत उतरवायला लावतात, तारीख टाकायला लावतात. त्या वहीला त्यांनी खाकी कव्हर घातलंय. अशा वेळी काकू लाल फुलीच्या गंजाकडे पाहतात आणि काही बोलत नाहीत.

मुलानं पुण्याहून नवी गाडी आणली. सरांनी बॉनेट उघडलं, तर सगळं एका काळ्या प्लास्टिकच्या झाकणाखाली. थर्मोस्टॅट घरासकट एकसंध, सुटा मिळत नाही. डॅशबोर्डवर काटाच नाही. थंड असली की निळा दिवा, तापली की लाल. “मधलं कसं समजते?” सरांनी विचारलं. “मधलं समजायची गरज नाही, बाबा,” मुलगा म्हणाला. सरांनी बॉनेट खाली केलं आणि दुपारभर ते ८००चे प्लग साफ करत बसले.

काम मात्र कमी झालेलं नाही. हल्ली उस्तादचा पोरगा अधूनमधून फडक्यात काहीतरी गुंडाळून आणतो आणि ओट्याच्या खालूनच सांगतो, “उस्तादनं उकळून मांगला.” सर विचारत नाहीत, काढून टाकायचं काय झालं म्हणून. उकळतात, चिठ्ठी लिहितात: ८३ला सुरू, ९५ला पूर्ण, पास. पोरगा चिठ्ठी घेऊन जातो. हे गुण्यागोविंदानं चाललं होतं. मग पेढीच्या पुलाजवळ थांबलेल्या एका गिऱ्हाइकानं सरांना उस्तादचं बिल दाखवलं. त्यात शेवटची ओळ होती: थर्मोस्टॅट टेस्टिंग, दीडशे रुपये. सर हसून गप्प राहिले. काकू राहिल्या नाहीत. गंजाचं सोडा, त्यांनी पोराजवळ निरोप धाडला, पण उस्तादले विचार, सिलिंडर कोनाचं जळते?