लोणच्याच्या बरणीवरचा दगड

"काय करून राहिल्या वो काकू?"

"काय करतो बापा, बरणी झाकून राहिली."

काकूंनी कैरीच्या लोणच्याच्या बरणीला दादरा बांधला, वर झाकण आणि झाकणावर तो दगड. मी भिंतीवर कोपरं टेकली. काटोलात या दगडाला कोण ओळखत नाही? निदान आमच्या गल्लीत तरी सगळे ओळखतात.

"हा तोच ना? आभाळातला?"

"तोच. २०१२चा."

२२ मे, मंगळवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. विदर्भातलं मे महिन्याचं ऊन, गच्चीवर कुरडया, खाली घरोघरी कूलर, आणि एकाएकी धडाडधूम! मला वाटलं, कोणाचं सिलिंडर फुटलं. काकूंच्या 'ह्यांना' खाणीतला सुरुंग वाटला. थोड्या वेळानं पोट्टे काळे दगड घेऊन गल्लीत नाचायला लागले. सगळे तुकडे मिळून वजन भरलं तेरा किलोच्या आसपास. एवढ्याशा मालानं केवढा आवाज केला, बघा.

"माह्या हाताला चटका बसला होता," काकू म्हणाल्या. "असा तापला होता, तव्यावानी."

इथेच काकू सापडल्या. माझा भाचा नागपुरात जिऑलॉजी शिकला, त्यामुळे मला अर्धवट का होईना, ज्ञान आहे. तो म्हणतो, दगड पेटतो तो वर, आभाळात. वरचं साल वितळून उडून जातं. मग त्याचा जोर संपतो आणि शेवटचे काही कोस तो झाडावरून संत्रं पडावं तसा नुसता पडतो. आतून तर तो अंतराळातलाच गार असतो. चटक्याबिटक्याचं काम नाही.

"अन् तुम्ही त्याचं काय केलं, आणल्यावर?"

"काय म्हणजे? धुतला. हळदकुंकू वाहिलं. पोट्ट्यानं चुंबक लावून पाहिलं."

भाचा हे ऐकता तर कपाळावर हात मारून घेता. ताज्या उल्केला उघडा हात लावायचा नाही, पाणी तर मुळीच नाही. आत लोखंड असतं, ते गंजतं. स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायची, कुठे पडली ती जागा लिहून ठेवायची. आणि चुंबक? त्या दगडात कोट्यवधी वर्षांपूर्वीचं चुंबकत्व जपलेलं असू शकतं, ते आपल्या फ्रिजवरच्या चुंबकानं एका फटक्यात पुसलं जातं. घाईचंही कारण आहे. अंतराळातल्या किरणांनी दगडात काही किरणोत्सारी अणू तयार झालेले असतात. त्यांतले काही पंधरा दिवसांत निम्मे होतात, काही त्याहून लवकर. म्हणून मृग लागायच्या आत, पाऊस पडायच्या आत, जेवढे मिळतील तेवढे वेचायचे. असे दगड सांभाळायचं काम सरकारनं जीएसआयकडे, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे दिलंय. त्यांचं ऑफिस नागपुरात सेमिनरी हिल्सवर, म्हणजे माहेर जवळच.

"मंग ते लोक करतात काय त्याचं?"

"पत्रिका काढतात, काकू."

खरंच तसंच आहे. दगडाचा कागदाहून पातळ काप काढतात, उजेड आरपार जाईल इतका. त्यातल्या खनिजांत लोखंड किती ते मोजतात. त्यावरून गोत्र ठरतं: एच, एल की एलएल. आमचा काटोलचा 'एल', म्हणजे लोखंड कमी. मग आकडा. आतले गोल दाणे स्पष्ट दिसले तर तीन. जन्मदात्या ग्रहिकेच्या पोटात भाजून भाजून ते पुसट झाले असतील तर सहा. आमचा सहा. खरपूस भाजलेला! नमुन्यापैकी वीस ग्रॅम, किंवा एकूण माल थोडा असेल तर त्याचा पाचवा हिस्सा, कायमचा संग्रहात ठेवावा लागतो. मग उल्काशास्त्रज्ञांची जागतिक संस्था बारसं करते आणि नाव ठेवते जवळच्या गावाचं. जगाच्या यादीत आपलं 'काटोल' आहे! २०२१मध्ये याच दगडात ब्रिजमनाइट सापडल्याचं छापून आलं. हे खनिज पृथ्वीच्या पोटात साडेसहाशे किलोमीटरच्या खाली ढिगानं आहे, पण तिथे कोण हात घालणार? अंतराळात कधीतरी दोन दगडांची टक्कर झाली, तेवढ्या दाबात ते तयार झालं आणि आमच्या संत्र्यांच्या बागांत येऊन पडलं.

"द्या बरं जरा इकडे."

काकूंनी दगड भिंतीवर ठेवला. एक बाजू फुटलेली होती. खऱ्या उल्केचा पोटभाग सिमेंटसारखा करडा, त्यात जरीचे बारीक कण चमकतात, आणि वर नखाहून पातळ काळं साल. इथे मात्र अनारशाला पडावी तशी जाळी. उल्केत अशी बुडबुड्यांची भोकं सहसा नसतात. आत तांबूस.

"काकू, हा वीटभट्टीतला खंगर आहे."

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग दगड उचलून पुन्हा झाकणावर ठेवला, दाबून.

"लोणच्याले वजन पाहिजे, गोत्र काय चाटायचं हाये?" आणि मग रस्त्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "समोरच्या मास्तरीणबाईले नको सांगजो वो. याचा दुसरा अर्धा तिच्या देवघरात हाये. मीच देल्ला."