सूचक, अनुमोदक आणि भगवान

शाहूवाडी तालुक्यातल्या एखाद्या गावच्या दूध संस्थेत संचालक व्हायचं म्हटलं तर काय काय सोसावं लागतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आधी सभासद असावं लागतं, थकबाकी असून चालत नाही, संस्थेला दूध घातल्याचा पुरावा लागतो आणि अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक अशा दोघांच्या सह्या लागतात. सूचक म्हणून चुलता मिळतो. अनुमोदक म्हणून जो मेव्हणा आणावा तो नेमका विरोधी पॅनेलच्या गाडीतून हिंडताना दिसतो. एवढं करून सही यादीतल्या नावाशी जुळली नाही, तर अर्ज छाननीतच उडतो. संस्थेच्या टेबलाभोवती बसून महिन्यातून एकदा चहा प्यायचा, त्याला हा बंदोबस्त. देव व्हायला मात्र यातलं काहीच लागत नाही, असा सगळ्यांचा समज आहे. वर्तमानपत्रांनी तर त्यासाठी एक तयार ठसाच करून ठेवलाय: ‘स्वयंघोषित’. स्वयंघोषित भगवान, स्वयंघोषित अवतार, स्वयंघोषित जगद्गुरू. माझा आक्षेप या ठशावर आहे. नुसत्या स्वतःच्या घोषणेवर आजवर कुणी देव झालेला नाही. खोटं वाटत असेल तर एखाद्यानं मलकापूरच्या एसटी स्टँडवर उभं राहून ‘मी विष्णू आहे’ असं ओरडून बघावं. कुणीतरी त्याला सावलीत बसवील, पाणी देईल आणि घरच्यांचा फोन नंबर विचारील. घोषणा तीच असते. फक्त तिथं अनुमोदक नसतो.

या बाबतीत आपल्याकडचा सर्वांत भरभक्कम दाखला पुण्याच्या कोरेगाव पार्कात आहे. मध्य प्रदेशातल्या कुचवाड्याला 11 डिसेंबर 1931 रोजी जैन घरात जन्मलेले चंद्रमोहन जैन जबलपूरला तत्त्वज्ञान शिकवत होते. तेव्हा ते आचार्य रजनीश होते. 1970 साली त्यांनी आपला ‘नवसंन्यास’ सुरू केला, 1971 मध्ये मुंबईत ते ‘भगवान’ झाले आणि 1974 मध्ये पुण्याला आले. जुना संन्यास घर सोडायला सांगायचा; या संन्यासाला भगवे कपडे आणि 108 मण्यांची, भगवानांचा फोटो लावलेली माळ पुरत असे. माणूस बोलायला विलक्षण होता, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करावं. कबीर असो, गीता असो, झेन असो, तासभर ऐकत राहावं असं बोलणं. पण बोलणं चांगलं असणं आणि भगवान असणं यांत अंतर आहे. आपल्याकडे चांगल्या कीर्तनकाराला नारळ, उपरणं आणि बिदागी देतात, दुसऱ्या दिवशी एसटीत बसवून देतात. ते अंतर रजनीशांनी एकट्यानं पार केलं नाही. ते पार करून दिलं परदेशातून आलेल्या मानसोपचारतज्ज्ञांनी, वकिलांनी, हिशेबनिसांनी, पदवीधर मुला-मुलींनी. ‘अडाणी लोक बुवांच्या नादी लागतात’ हे म्हणणं शिकलेल्यांना फार आवडतं. पण अडाणी माणूस फार तर कोंबडं कापतो. ट्रस्टची घटना लिहायला, परदेशात कंपनी काढायला आणि प्रवचनांच्या कॅसेटवर हक्क राखून ठेवायला शिकलेला अनुमोदकच लागतो.

1981 मध्ये ही मंडळी अमेरिकेत ओरेगॉन राज्यात गेली. तिथं 64 हजार एकरांचं रँच घेतलं, त्यावर रजनीशपुरम नावाचं शहर वसवलं. भगवानांच्या दिमतीला 93 रोल्स-रॉइस गाड्या जमल्या. इतक्या गाड्या आणि चालवणारा भगवान एकच. आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या अध्यक्षालाही हा ताळमेळ जमलेला नाही. पण गाड्यांच्या गोष्टीत रमायचं कारण नाही. खरी गोष्ट 1984 च्या काउंटी निवडणुकीची आहे. शेजारच्या लोकांशी जमिनीवरून आणि बांधकामांवरून भांडण पेटलेलं. मग अनुमोदकांनी ठरवलं की मतदारच वाढवायचे. अमेरिकेतल्या शहराशहरांतून बसेस भरभरून बेघर माणसं आणली, त्यांना जेवण-कपडे दिले आणि त्यांची नावं यादीत घालायला निघाले. ती नोंदणी अडवली गेली. दुसऱ्या बाजूनं विरोधी मतदार घरीच बसावेत म्हणून द डॅल्स गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेलाचे जंतू मिसळले. 751 माणसं आजारी पडली. बोगस सभासद घुसवणं आणि मतदानाच्या आदल्या रात्री समोरच्या पॅनेलची माणसं ‘गायब’ करणं, यांत आपला जिल्हा स्वतःला तज्ज्ञ समजतो. भक्तांनी आपल्याला एका फटक्यात शिकाऊ उमेदवार ठरवलं. आपल्याकडे निदान मटण तरी ताजं असतं.

इथं एक हरकत येईल, आणि ती रास्त आहे. हे सगळं आपली सचिव शीला हिनं केलं, भगवानांना ठाऊक नव्हतं, असं खुद्द भगवानांनीच सांगितलं. विषप्रयोगाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली ती शीला आणि तिच्या साथीदारांना. रजनीशांना 1985 मध्ये स्थलांतर कायद्याच्या प्रकरणात चार लाख डॉलरचा भुर्दंड भरून देश सोडावा लागला. मान्य. मग माझं म्हणणं कमजोर झालं की पक्कं झालं? सर्वज्ञ भगवानाला बाजूच्या खोलीत काय शिजतंय ते कळत नाही आणि त्याच्या नावाचा शिक्का सचिवाकडे असतो, म्हणजे देवस्थान चालवत होतं कोण? त्या वर्षीच्या सप्टेंबरात भगवानांनी आपल्या नावाचा धर्मच संपल्याचं जाहीर केलं, धर्मग्रंथाच्या हजारो प्रती जाळायला लावल्या. त्या ज्यांनी जाळल्या, त्यांतल्या बऱ्याच जणांनी आधी त्याच छापल्या असतील.

पुण्याला परत आल्यावरचा 1988 च्या डिसेंबरातला प्रसंग तर सदर लिहिणाऱ्यानं रचला असता तर संपादकानं अतिरेक म्हणून कापला असता. रजनीशांनी जाहीर केलं की गौतम बुद्ध आपल्या देहात वस्तीला आले आहेत. भक्तांनी ते मानलं. चारच दिवसांनी जाहीर झालं की पाहुण्याशी जमलं नाही: उजव्या कुशीवर झोपायचं, उशी नको, एकदाच जेवायचं आणि जकूझी म्हणजे चैन अशा जुन्या सवयी, म्हणून बुद्धांना निरोप दिला. भक्तांनी तेही मानलं. त्याच सुमारास ‘भगवान’ ही पदवी म्हणजे एक विनोद होता आणि तो आता पुरे झाला, असंही ते म्हणाले. आता बघा, देवानं स्वतः अर्ज मागे घेतला. आपल्याकडे उमेदवारानं माघार घेतली की मतपत्रिकेवरून नाव जातं. इथं मात्र अनुमोदक सही परत घेईनात. सतरा वर्षं आपण एका विनोदापुढे हात जोडून बसलो होतो काय, असं विचारत किती जण उठून गेले? पुढच्या वर्षी नवं नाव आलं, ‘ओशो’, आणि तेही तितक्याच भक्तिभावानं पाठ झालं. पुट्टपर्तीच्या सत्यसाईबाबांचंही तसंच. त्यांनी 1940 मध्ये, चौदाव्या वर्षी, आपण शिर्डीचे साई असल्याचं सांगितलं. पुढे आपण 96 व्या वर्षापर्यंत जगू असंही सांगितलं. 2011 मध्ये ते 84 व्या वर्षी गेले. तेव्हा भक्तांनी सूर्याचं वर्ष बाजूला ठेवून चंद्राच्या महिन्यांनी हिशेब मांडला आणि वय वर चढवत नेलं. सातबाऱ्यावरचं क्षेत्र असं वाढवून दाखवलं असतं तर तलाठी निलंबित झाला असता.

दुसरी हरकत मोठ्या आवाजात येते. मग ज्ञानोबा-तुकोबांचं काय, त्यांनाही लोकांनी देवच केलं ना? केलं. पण तिथं उमेदवार स्वतः विरोधात होता. आपण पायरीची धूळ आहोत असं जन्मभर सांगणाऱ्या माणसाला पाठीमागून लोकांनी खांद्यावर घेतलं. हयातीत पदवी, गाडी, जमीन असं काही मधे आलं नाही. आणि जुन्या पीठापासून फुटून निघण्यालाही माझी ना नाही. कोल्हापूरकरांना तरी ती असू नये. वेदोक्त प्रकरणात शंकराचार्यांच्या पीठाशी बिनसल्यावर शाहू महाराजांनी 1920 मध्ये क्षात्रजगद्गुरूंची स्वतंत्र गादीच उभी केली आणि बेनाडीच्या सदाशिवराव पाटलांना पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठात बसवलं. सूचक साक्षात छत्रपती होते. असा अनुमोदनाचा जोर दुसऱ्या कुणाला मिळायचा! तरी कॉलेजात शिकलेल्या त्या तरुणानं मी अवतार आहे असं म्हटलं नाही, कारण ते पद ब्राह्मणेतरांचे धार्मिक विधी ब्राह्मणेतरांनीच करावेत यासाठी होतं. आणि त्यावरही इथल्याच काही सत्यशोधकांनी विचारलं की देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको असं जोतीराव सांगून गेले, मग हा नवा जगद्गुरू कशाला? सत्यशोधकी चळवळ डोक्यावर घेणाऱ्या राजालाही सत्यशोधक जाब विचारत होते. छाननी म्हणतात ती ही.

‘श्रद्धा ज्याची त्याची, संविधानाचं 25 वं कलम वाचा’ ही तिसरी हरकत. वाचलंय. ते कलम सुरूच होतं सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अटींनी. कोशिंबिरीतले जंतू यांपैकी कोणत्या अटीत बसतात ते वाचकानं ठरवावं. आपल्या राज्यात तर डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत बारा कलमं आहेत, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. नुसतं ‘मी अवतार आहे’ म्हणणं हा त्यात गुन्हा नाही आणि तो नसावाही; अवतारपणाच्या थापेखाली लुबाडणं, धमकावणं, बाईवर हात टाकणं हा गुन्हा आहे. अशा कामाला प्रोत्साहन देणारा, त्याचा प्रचार करणारासुद्धा कायद्याच्या कचाट्यात येतो. कागदावर अनुमोदकाची सोय झालेली आहे. पण अटकेच्या बातमीतला फोटो बघा. बुरखा घातलेला एकटा बुवा, दोन्ही बाजूंना हवालदार. ज्यानं त्याच्यासाठी मांडव घातला, फ्लेक्स लावले, पावती पुस्तकं छापली, तो फोटोच्या चौकटीबाहेर उभा राहून ‘आमचीही फसवणूक झाली’ असं पत्रकारांना सांगत असतो.

देव गेल्यावर तर अनुमोदकांचंच राज्य. 19 जानेवारी 1990 रोजी ओशो गेले. त्यांच्या समाधीवर कोरलंय की ते जन्मलेही नाहीत आणि मेलेही नाहीत. तरी 2013 मध्ये युरोपातल्या ट्रेडमार्कच्या भांडणात त्यांचं मृत्युपत्र मात्र निघालं, आणि ते बनावट असल्याची तक्रार भक्तांनीच केली. पंथात दोन तट पडले: पुण्याचा आणि दिल्लीचा. भांडण ध्यानावर नव्हतं. ‘ओशो’ हा शब्द कुणाच्या मालकीचा, यावर होतं. 2009 मध्ये अमेरिकेतल्या ट्रेडमार्क मंडळानं सांगितलं की हे नाव सर्वांचं आहे, कुणा एकाचं नाही. 2017 मध्ये युरोपच्या न्यायालयानं ते पुण्याशी जोडलेल्या संस्थेकडेच राहू दिलं. म्हणजे अटलांटिकच्या एका काठाला भगवान गावरान, दुसऱ्या काठाला ब्रँडेड. पुढे आश्रमाचे दोन प्लॉट 107 कोटींना विकायची परवानगी संस्थेनं मागितली. डिसेंबर 2023 मध्ये धर्मादाय सहआयुक्तांनी ती नाकारली. त्याआधी मार्चमध्ये कोरेगाव पार्कच्या फाटकावर जी गंमत झाली ती तर पाहण्यासारखी होती. जुने भक्त गळ्यात ती 108 मण्यांची माळ घालून आले होते. माळ काढून आत या, असं व्यवस्थापनाचं म्हणणं. देवाचाच फोटो गळ्यात आहे म्हणून देवाच्या दारात अडवलेली माणसं शेवटी फाटक ढकलून आत घुसली आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या.

आमच्याकडच्या डोंगरी वाड्या-वस्त्यांवर अमावास्येला देवरुशाच्या अंगात वारं येतं, त्याचं त्या मानानं बरं आहे. केस मोकळे सोडून तो घुमतो, भंडारा उधळतो, आणि समोरची म्हातारी त्याची भीडभाड न ठेवता उलटतपासणी घेते: गेल्या खेपेला पाऊस सांगितलास, कुठाय? तासाभरात आरती होते, वारं उतरतं, कुणीतरी त्याच्या हातात चहाचा कप देतं. पहाटे तो किटली घेऊन डेअरीच्या रांगेत उभा असतो. सचिव त्याचं दूध मशीनला लावतो, फॅट कमी भरली तर दर कापतो, आणि त्याची सही घेतो.