वर काय चाललंय?

इंटरनेट वाटून घेण्याचं शास्त्र परदेशात लिहिलं गेलं असेल, सराव मात्र आपण आधीच करून ठेवला होता. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायच्या काळात लग्नपत्रिकेवर, अर्जावर आणि काही धीट लोकांच्या व्हिजिटिंग कार्डावरसुद्धा शेजाऱ्यांचा नंबर असायचा आणि त्यापुढे ‘पी.पी.’ ही दोन अक्षरं. फोन आला की शेजारून हाक यायची आणि आपण हात पुसत, चपला शोधत धावायचो. विंडोजमधलं ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ नेमकं हेच करतं. बाहेरच्या जगाला एकच कॉम्प्युटर दिसतो, दुसरा त्याच्या पाठीमागे लपलेला असतो. मागच्याने काही मागितलं की पुढचा ते स्वतःच्या नावावर मागवतो, कोणी मागितलं याची नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवतो. फरक इतकाच, की मागच्याने आधी काही मागितलंच नसेल, तर बाहेरची हाक त्याच्यापर्यंत येत नाही. पीपी नंबरला ही सोय असती तर आमच्या आत्याचे निम्मे फोन टळले असते.

मायक्रोसॉफ्टने ही युक्ती १९९९मध्ये विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत आणली. आमच्याकडे ती २००३च्या सुमारास पोचली. आमच्याकडे म्हणजे वाशी, सेक्टर १०, सिडकोची जेएन टाइप इमारत. तिकडे वाशी स्टेशनच्या डोक्यावर इंटरनॅशनल इन्फोटेक पार्क ऐटीत उभं होतं, खालून लोकल आणि वर सॉफ्टवेअर. इकडे आम्ही शेवटच्या मजल्यावर डायलअप लावून बसलेलो. नेट लागलं की फोन अडकायचा आणि फोन आला पाहिजे म्हणून नेट सोडायचं. अशात एका नेटवाल्याने झाडांवरून, गच्च्यांवरून निळ्या वायरी ओढत ओढत आमच्या इमारतीत प्रवेश केला आणि खालच्या काकांनी कनेक्शन घेतलं. वेग चौसष्ट केबीपीएस. त्या काळी तो वेग होता.

नेटवाला हुशार होता. लॅन कार्डाचा बारा अक्षरी नंबर तो टिपून घ्यायचा. तेवढंच कार्ड चालणार, दुसऱ्या कॉम्प्युटरचे वेगळे पैसे. काका बँकेतून निवृत्त झालेले. एकाच सेवेचे दोनदा पैसे ही कल्पनाच त्यांना झेपेना. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरं लॅन कार्ड बसलं, त्यांच्या बाल्कनीतून आमच्या बाल्कनीत क्रॉस केबल आली. दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात पडायला हवं, म्हणून या केबलच्या एका टोकाला पहिली तार तिसरीच्या जागी आणि दुसरी सहावीच्या जागी बसवतात. हे माझ्या भाच्याने केलं, वायरीचं साल दातांनी सोलून. ‘हे नियमात बसतं का?’ असं मी भीत भीत विचारलं. काका म्हणाले, “आपण चोरी करत नाही आहोत. आपण पीपी आहोत.”

काकांच्या विंडोज एक्सपीमध्ये शेअरिंग म्हणजे फक्त एका चौकोनात बरोबरची खूण. पण त्याखाली आणखी एक चौकोन होता. इतरांना हे कनेक्शन ताब्यात ठेवू द्यायचं का, बंद करू द्यायचं का, असा त्याचा मथितार्थ. विंडोजने उदार होऊन तिथे आधीच खूण करून ठेवलेली. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त वाचावं तसा काकांनी तो मजकूर दोनदा वाचला आणि खूण काढून टाकली. कॉम्प्युटरने त्यांना पत्ता दिला १९२.१६८.०.१. “शेवटचा एक म्हणजे मी,” ते म्हणाले. हाच पत्ता जगातल्या लाखो घरांत असतो, असे पत्ते खासगी वापरासाठीच राखून ठेवले आहेत, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

खरा घोळ केला तो कोपऱ्यातल्या चित्राने. कनेक्शन चालू असलं की घड्याळाशेजारी दोन छोटे मॉनिटर दिसायचे आणि डेटा गेला-आला की चमकायचे. काका पेपर वाचत बसलेले, काकू स्वयंपाकघरात, तरी मॉनिटर चमकतायत! म्हणजे वर काहीतरी चाललंय. लगेच फोन. “काय रे, वर काय चाललंय? दहा मिनिटं झाली, सारखं चमकतंय.” आमचे चिरंजीव गाणी उतरवत असायचे. त्याच वेळी न्यू जर्सीतला नातू काकांच्या वेबकॅमवर तोंड उघडून थिजलेला असायचा. त्या घरी तो नातू बराच काळ सताड तोंडाचा म्हणूनच ओळखला गेला. मग काका बाल्कनीत येऊन ओरडायचे, “डाउनलोड थांबव रे, बाळ अडकलंय!” समोरच्या इमारतीतल्या बाई पहिल्यांदा ऐकून धावत खाली आल्या होत्या.

या सगळ्याची ग्यानबाची मेख अशी, की पुढचा कॉम्प्युटर बंद झाला की मागच्याचं नेट गेलं. रात्री दहाला काका मेन स्विच बंद करून मॉनिटरवर फुलाफुलांचं कव्हर घालायचे. चिरंजीवांचा दिवस तर दहानंतर उगवायचा. तारणहार ठरल्या काकू. त्यांना फ्रीसेलचा नाद लागला होता आणि डाव सुटेपर्यंत त्या उठत नसत, काकांनाही उठवू देत नसत. चिरंजीवांनी अभ्यास सोडून संशोधन केलं. फ्रीसेलच्या मूळ बत्तीस हजार डावांत एकच असा आहे की जो सुटत नाही, ११९८२ क्रमांकाचा. एका संध्याकाळी तो खाली गेला आणि भोळेपणाने म्हणाला, “काकू, हा नंबर टाकून बघा, मस्त डाव आहे.” त्या आठवड्यात आम्हाला रात्री एक-एक वाजेपर्यंत नेट मिळालं. काकूंची झोप उडाली, पण त्या म्हणायच्या, “आज जमणार बघ.” मला वाईट वाटत होतं. बंद करायला सांगण्याइतकं नाही.

पहिल्या पावसात वीज कडाडली, गच्चीवरच्या वायरीतून आत शिरली आणि काकांची दोन्ही लॅन कार्डं गेली. वही उघडून त्यांनी सगळा खर्च आमच्या नावावर मांडला.

“काका, वीज नेटवाल्याच्या वायरीतून आली.”

“आली असेल. पण पडली वरून. आणि वर कोण राहतं?”

आतून काकू म्हणाल्या, “वरचा फ्लॅट आपल्यालाच मिळत होता. जिने चढवत नाहीत म्हणून तुम्हीच नको म्हणालात.” काकांनी आकडा खोडून निम्मा केला.

नवं कार्ड म्हणजे नवा नंबर, म्हणजे नेटवाल्याच्या पोराला बोलावणं आलं. तो कॅबिनेटमागे वाकला आणि तिथेच थांबला.

“काका, ही दुसरी वायर कसली?”

“अर्थिंगची. परवा वीज पडली ना.”

पोराने वायरीवरून नजर सरकवत सरकवत बाल्कनीतून आमच्या मजल्यापर्यंत नेली.

“अर्थिंग वर जातं?”

“जेएन टाइपला वरच जातं,” काका म्हणाले. “तू नंबर लिही.”